पहिल्या मशीनवरची पापणी

४ मार्च

ताई,

नमस्कार पोचला असं धरून चाल. वर्षभरात तुला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिणार नव्हते, पण कामाचं आहे म्हणून लिहिते. राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. पाकिटावर माझं अक्षर बघून उगाच हुरळून जाऊ नकोस.

माझी डावी पापणी लवायला लागली आहे. सारखी लवते, थांबतच नाही.

हसू नकोस. आधी आठवून बघ, मी कुठे उभी असते ते. लग्न करून गेल्यापासून तुझं डोकं ठिकाणावर आहे की नाही मला माहीत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. आपला चमच्यांचा कारखाना, पत्रा ठोकणाऱ्या मशीनचा तो आवाज, सगळ्यांच्या कानात बोळे आणि दोन्ही हात कामात गुंतलेले. अशा ठिकाणी बोलायचं तर डोळ्यांनीच, आणि ती डोळ्यांची बोली तूच बसवलीस. डावा डोळा मिटला की पट्टा थांबवायचा, उजवा मिटला की चालू करायचा, दोन्ही मिटून धरले की चहा. पहिल्या मशीनच्या ओट्यावर जी उभी असेल तिच्याकडे बघायचं, इशारा दिसला की तोच करून पुढच्याला द्यायचा, असं करत करत शेवटच्या पॉलिशवाल्या काकांपर्यंत. आणि ‘थांब’ दिसलं की शंका काढायची नाही, आधी थांबायचं, मग विचारायचं. तू गेल्यावर तो ओटा मला मिळाला. आयुष्यात मनापासून हवी होती अशी ती एकच जागा, हे तुला माहीत आहे.

तर आता माझी पापणी लवते आणि चाळीस माणसं मुकाट काम थांबवून माझ्याकडे बघत उभी राहतात. मी उजवा डोळा मिटून पट्टा चालू करते, की जरा वेळाने डावी पुन्हा लवते. परवा काकांनी वैतागून कानातले बोळे काढले आणि ओट्यापाशी येऊन विचारलं की बाई, तुला चमचे करायचे आहेत की आमचा सगळ्यांचा फोटो काढायचा आहे.

सुपरवायझरसाहेब भला माणूस आहे, पण त्याचाही नाइलाज झाला आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला की खोटा ‘थांब’ रोज दिसायला लागला तर खरा दिसेल तेव्हा कुणी थांबणार नाही, आणि मग कुणाचं तरी बोट जाईल. महिनाअखेरीला मालक बाहेरचे पाहुणे घेऊन कारखाना दाखवायला येणार आहेत. तोपर्यंत काही जमलं तर ठीक, नाहीतर मी पॅकिंगला बसायचं. तिथे खुर्ची आहे, पंखा आहे, असं मला समजावत होता. मला खुर्ची नको आहे, मला माझा ओटा हवा आहे.

डोळ्यांची अदलाबदल करून भागणार नाही, कारण मग लवणारी पापणी ‘चालू कर’ म्हणत राहील, ते आणखी वाईट. तेव्हा ‘थांब’साठी नवा इशारा हवा. हात नाही, आवाज नाही, डोळा नाही. असलं काही तुझ्याच डोक्यातून निघतं. तेवढं कळव. बाकी मी ठणठणीत आहे. तुझ्या त्या फिटर नवऱ्याला नमस्कार सांगू नकोस.

धाकटी


१३ मार्च

ताई,

कार्ड मिळालं. सख्ख्या बहिणीनं वर्षभरानं लिहावं आणि त्यात दोनच वाक्यं असावीत? ‘जीभ बाहेर काढ. जेवतेस का?’ पोस्टमनने ते वाचलेलं होतं हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

आधी वाटलं, तू मला वेडावते आहेस. मग दुसऱ्यांदा वाचलं आणि विचार केला तर खरंच जमण्यासारखं होतं. जीभ लांबून दिसते, चुकून बाहेर येत नाही, आणि मशीन चालू असताना तिला दुसरं काही काम नसतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना शिकवली. पहिले एक-दोन दिवस हसण्यानंच पट्टा थांबत होता. चमच्याचा दांडा वाकवणारी आपली ती थोराड बाई म्हणाली की सासूसमोर जे जन्मभर करायचं राहून गेलं ते आता पगारात करायला मिळतंय. काकांनी मात्र, या वयात हे शोभत नाही, म्हणून मान फिरवली. पण इशारा त्यांच्यापर्यंत पोचून त्यांनी तो परत दाखवल्याशिवाय पट्टा सुटत नाही, आणि सगळे त्यांच्याकडे बघत उभे. शेवटी बिचाऱ्यांनी जिभेचं टोक दाखवलं. आता आमच्यात सगळ्यांत लांब जीभ त्यांचीच निघते.

म्हणजे महिनाअखेरीपर्यंत तरी ओटा माझा आहे. पापणी लवते तर लवो, तिच्याकडे आता कुणी बघत नाही.

जेवतेस का म्हणून विचारलंस. जेवते की. एकटीसाठी काय तो स्वयंपाकाचा घाट घालायचा, म्हणून सकाळी चहा-पाव असतो आणि संध्याकाळी पाव-चहा असतो. पोट भरतं. हल्ली चहा जिभेला झोंबतो, तर गार करून पिते. ओट्यावर चढताना दम लागतो, पण तो ओटाच उंच आहे. बोटांना मुंग्या येतात, त्या पत्र्यामुळे. हे वयाचं आहे सगळं. तू माझ्यापेक्षा मोठी, तुला याहून जास्त होत असणार, तेव्हा मला शिकवायला जाऊ नकोस.

आणि तू विचारलेलं नाहीस तरी मी का रागावले आहे ते एकदा लिहून टाकते. लग्न केलंस म्हणून नाही. पन्नाशीत केलंस म्हणूनही नाही. तू आणि तुझा फिटर पट्ट्याच्या या टोकाकडून त्या टोकाकडे कित्येक महिने डोळ्यांनी बोलत होतात. ते बोलणं अख्ख्या हॉलनं वाचलं, काकांनी तर लग्नाची तारीखसुद्धा वाचली. कळलं नाही ते एकट्या मला, कारण कामावर तुझी-माझी पाठीला पाठ असायची, मला इशारा समोरच्या बाईकडून मिळायचा. जरा मान वळवून सांगितलं असतंस तर तुझी मान काही मोडली नसती.

धाकटी


२९ मार्च

ताई,

हे पत्र बसून वाच, आणि हातात कपबशी असेल तर आधी खाली ठेव.

काल मालक पाहुण्यांना घेऊन आले. कान तपासणाऱ्या डॉक्टरबाई दरवर्षी येतात ना, त्याही नेमक्या कालच आल्या आणि मालकांच्या मागोमाग हॉलमध्ये शिरल्या. सुपरवायझरसाहेबानं सकाळीच सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं की आज तेवढी जीभ आत ठेवा. आम्हीही ठेवली होती. मशीनं सुरळीत चालली होती, सगळ्यांच्या अंगावर धुतलेले एप्रन होते, मालक प्रत्येक मशीनपाशी थांबून हातवारे करून समजावत होते. तसे ते माझ्या ओट्यासमोर आले.

तेवढ्यात मला पट्ट्याच्या पार शेवटी काकांच्या एप्रनचा बंद पॉलिशच्या रोलरमध्ये जाताना दिसला. काका खाली मान घालून काम करत होते, त्यांना पत्ता नव्हता.  मी मालकांच्या तोंडासमोर, होती नव्हती तेवढी जीभ बाहेर काढली.

पुढचीनं काढली. तिच्या पुढच्यानं काढली. बघता बघता चाळीस जिभा बाहेर, आणि पट्टा थांबला. काका रोलरला बांधल्यासारखे वाकून उभे होते आणि त्याही अवस्थेत त्यांनी जीभ बाहेर काढून धरली होती, कारण ‘चालू’चा इशारा मिळेपर्यंत ‘थांब’ सोडायचा नाही. मालक टोमॅटोसारखे लाल झाले. पाहुण्यांतल्या एका वयस्कर गृहस्थांना वाटलं, इथे असंच स्वागत करत असावेत. त्यांनी जरासा विचार केला आणि अदबीनं आपलीही जीभ थोडी बाहेर काढली. ताई, मी मरेपर्यंत ते विसरणार नाही.

सुपरवायझरसाहेब धावला, कात्रीनं काकांचा बंद कापला, आणि मग मालकांना काय झालं ते कळलं. ते काकांचा हात हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते. काका सुखरूप आहेत, नुसता एप्रन गेला.

आता पुढचं ऐक. सगळे काकांकडे बघत असताना डॉक्टरबाई एकट्याच माझ्याकडे बघत होत्या. मी जीभ आत घ्यायला लागले तर म्हणाल्या, “आत घेऊ नका. तशीच ठेवा.” आणि त्यांनी कानात बघायची बॅटरी माझ्या जिभेवर मारली. माझी जीभ म्हणे लालबुंद आणि गुळगुळीत झाली आहे, जिभेवर असते ती खरखर उरलेलीच नाही. मग त्यांनी पापणी लवताना बघितली, ओठांचे फाटलेले कोपरे बघितले, मुंग्यांचं विचारलं, दम लागतो का विचारलं. मी काय खाते तेही विचारलं. मी म्हटलं, चहा-पाव. त्या म्हणाल्या, आणि? मी म्हटलं, पाव-चहा.

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. पण जाताना सुपरवायझरसाहेबाला सांगून गेल्या की बोटांना मुंग्या येतात तोवर या बाईंना ठोकणाऱ्या मशीनजवळ उभं करू नका. त्यामुळे ज्या ओट्यावरून मी काकांना वाचवलं त्याच ओट्यावरून मला त्याच दुपारी खाली उतरवलं. तिथे आता पॅकिंगमधली पोरगी उभी आहे, आणि मी तिच्या खुर्चीत. पंखा खरंच चांगला आहे. मला त्याचं तोंड बघवत नाही.

धाकटी


७ एप्रिल

ताई,

रिपोर्ट आला. काही वाईट नाही, हे आधी वाच आणि मग पुढचं.

आता सांगायला हरकत नाही, मी घाबरले होते. तुला ठणठणीत म्हणून लिहीत होते तेव्हाही घाबरलेलीच होते. मला वाटत होतं डोक्यात काहीतरी भलतं होतंय, आणि त्यातलं पहिलं लक्षण पापणी. कुणाला विचारलं तर ते खरं ठरेल म्हणून विचारतही नव्हते. आणि निघालं काय, तर अंगात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. एवढंसं ते व्हिटॅमिन, आणि त्यानं मला अंथरुणात पडल्या पडल्या काय काय विचार करायला लावले.

डॉक्टरबाई फार छान समजावून सांगतात. पापणी लवायला कारणं पुष्कळ असतात, जागरण, दमणूक, नको इतका चहा, आणि बहुतेकदा ती आपोआप थांबते. नुसत्या पापणीवरून कुणी काही ठरवू नये. पण पापणीच्या जोडीला जीभ, मुंग्या, दम असं सगळं आलं, म्हणून त्यांना संशय आला. हे व्हिटॅमिन नसांना लागतं, आणि दूध, दही, अंडी, मासे, मटण यातून ते मिळतं. अंगात त्याचा साठा असतो आणि तो पुष्कळ दिवस पुरतो, त्यामुळे एका वर्षाच्या पावानं एवढं होणार नाही, म्हणाल्या. माझ्या पोटात ते आधीपासूनच कमी शोषलं जात असणार, या वर्षानं उरलंसुरलं संपवलं. म्हणून नुसतं खाऊन भागणार नाही, इंजेक्शनंही घ्यायची आहेत. सख्ख्या भावंडांनी तपासून घेतलेलं बरं, असंही त्या म्हणाल्या. तेव्हा ताई, हातातलं काम टाक आणि आरशात स्वतःची जीभ बघ. बघून झालं की रक्त देऊन ये. इथे मोठेपणा सांगायचा नाही.

तुझं पत्र इंजेक्शनच्या रांगेत बसून वाचलं. मी आपली लोकांना सांगत फिरत होते की माझ्या ताईनं लांबून ओळखलं, म्हणूनच तिनं जीभ बाहेर काढायला सांगितली. आणि तू लिहितेस की तसं काही नव्हतं, वर्षभर बोलत नाही म्हणून तुला राग आला होता, आणि चाळीस माणसांनी रोज मला वेडावून दाखवावं एवढाच तुझा हेतू होता. ताई, मी इतकी हसले की सिस्टर सुई हातात धरून थांबून राहिल्या. किती दुष्ट आहेस. तुझ्या दुष्टपणानं काकांचा जीव वाचला आणि माझा आजार कळला.

मी चुकले असं मी लिहिणार नाही. पण तुझं पत्र मी उशाशी ठेवते.

धाकटी


२० एप्रिल

ताई,

तुझा रिपोर्ट चांगला आला हे वाचून जीव भांड्यात पडला. भावोजी तुला रोज अंडं खायला घालतात हे कारण असणार. हो, भावोजी लिहिलंय, नीट वाच. त्यांनी तुझ्या पत्राच्या तळाशी अंडं कसं उकडायचं ते लिहून पाठवलं, पाणी किती, गॅस केवढा, कधी बंद करायचा, जणू मशीनच जोडायचं आहे. इतक्या वर्षांत माझ्या स्वयंपाकाची कुणी एवढी काळजी केली नव्हती. त्यांना नमस्कार सांग. अंडी तरीही फुटतात, पण फुटलेलीही खाते.

दूध पिते, दही खाते. मासे आणले होते, ते करपले, खिडक्या उघडून बसावं लागलं. जिन्यातली सगळी मांजरं दारात येऊन बसली आणि मी त्यांच्यातल्या कुणाला काही दिलं नाही, करपलेलंच एकटीनं संपवलं. चहाचे कप कमी केले आहेत. किती ते विचारू नकोस.

मुंग्या गेल्या. दम लागत नाही. आणि पापणी, ताई, शांत आहे. सकाळी उठले की आधी आरशासमोर जाऊन तिला बघते, आणि ती आपली गरीब गायीसारखी जागेवर असते.

पण ओटा अजून मिळालेला नाही. पॅकिंगमधली पोरगी तिथे चांगलं काम करते आहे, हे मला दिसतं आणि ते चांगलं आहे हेच मला सलतं. डॉक्टरबाईंनी कागदावर ‘हरकत नाही’ लिहून दिलं. सुपरवायझरसाहेब म्हणतो, कागद ठीक आहे, पण अख्खा हॉल ज्या डोळ्यांवर विसंबतो ते मला बघून घेऊ दे. २५ तारखेला तो मला ओट्यावर उभं करून समोर बसणार आहे. पापणी एकदा जरी लवली तरी ओटा त्या पोरीचा, कायमचा. मला जेवण जात नाही असं लिहिणार होते, पण जातं. आता जेवण जातंच.

तू त्याच दिवशी येतेस म्हणून लिहिलंस. ये. किल्ली खालच्या शिंप्याकडे ठेवते. मी स्टँडवर येऊ शकणार नाही, ओट्यावर असेन. तू निघालीस तेव्हा मी मुद्दामच स्टँडवर आले नव्हते. या वेळी मात्र खरंच काम आहे.

धाकटी


२६ एप्रिल, सकाळ

ताई,

हे पत्र टपालात टाकायचं नाही, दुधाच्या पातेल्याला टेकवून ठेवते आहे. तू आतल्या खोलीत घोरते आहेस.

काल संध्याकाळी मी जिना धावत चढले. धावत, ताई, आणि वर पोचल्यावर दमही लागला नाही. तुला सांगायला तोंड उघडलं तर तू पलंगावर आडवी, पदर खोचलेलाच, प्रवासानं पार गळून गेलेली. दोन हाका मारल्या. तू नुसती कूस बदललीस. स्वयंपाकघरात मासे करून झाकून ठेवले होतेस, ते मी तुझ्या शेजारी बसून खाल्ले. तुझ्यासाठी ठेवणार होते, पण राहिले नाहीत. वर्षभरात असं जेवले नव्हते.

जे सांगायचं होतं ते असं. सुपरवायझरसाहेब स्टूल टाकून माझ्यासमोर बसला, डोळ्याला डोळा लावून. मशीनं धडधडत होती, चाळीस माणसं काम करत माझ्याकडे चोरून बघत होती, आणि मी उभी. मला वाटलं होतं मी भीतीनंच डोळे मिटेन. पापणी हलली नाही. सुट्टीची घंटा होईपर्यंत हलली नाही. शेवटी त्याच्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, टक लावून लावून. तो उठला, त्यानं कानातले बोळे काढले आणि म्हणाला, “सोमवारपासून नाही, आत्तापासून तुम्हीच.” पॅकिंगमधल्या पोरीनं सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. तिला मी आता आठवड्यातून एक दिवस ओट्यावर शिकायला उभी करणार आहे. ‘थांब’साठी डावा डोळा परत आणू या, असं मी सुचवलं, तर काकांनी साफ नकार दिला. त्यांना जीभच हवी आहे.

ताई, मला इतका आनंद झाला आहे की तो कागदावर मावत नाही, आणि रात्रभर तो एकटीनं सांभाळून मी कंटाळले आहे. पहिली पाळी आहे, मला निघायला हवं. मी येईपर्यंत जाऊ नकोस. शिंप्याकडे किल्ली देऊन गुपचूप गेलीस तर मी पुढच्या गाडीनं तुझ्या दारात येऊन उभी राहीन, भावोजींसमोर.

कपाटाचं दार मी मघाशी मुद्दाम आपटलं. नळ मोठा सोडला. आता पातेल्यावर झाकण जरा जोरातच ठेवते आहे.

घोरणं थांबलं. पलंग वाजला. उठलीस वाटतं, ये बाहेर. पुढचं लिहीत नाही, तोंडानंच सांगते.